'रंग रसिया' : रविवर्म्यांची कीर्ती आणि शिळाप्रेसचा दगड

माझ्या आजोळी माजघराच्या भिंतीवर लक्ष्मीची एक तसबीर होती. कमळावर उभी असलेली, चार हातांची, गडद तांबड्या साडीतली ही लक्ष्मी रविवर्म्यांची आहे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. कोण्या जुन्या पिढीतल्या बाईने तिच्या साडीच्या काठावर खरी जर आणि बारीक टिकल्या चिकटवल्या होत्या. पुढे ती तसबीर फुटली, तेव्हा काच बाजूला करून मी भिंग लावून तो कागद पाहिला. देवीचा गाल म्हणजे गुलाबी, पिवळ्या आणि फिकट तपकिरी ठिपक्यांची दाट नक्षी निघाली. एखादा चित्रकार घराघरांत पोहोचतो तो कसा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले, आणि त्यामुळेच केतन मेहता यांच्या 'रंग रसिया'कडून माझी अपेक्षा मोठी होती.

रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या मराठी कादंबरीवर आधारलेला हा हिंदी चित्रपट २००८ मध्येच तयार झाला होता. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो लागला मात्र नोव्हेंबर २०१४ मध्ये. रणदीप हुडा यांनी रविवर्मा, नंदना सेन यांनी त्यांची प्रेयसी आणि देवीच्या चित्रांसाठी समोर बसणारी सुगंधा आणि परेश रावल यांनी छापखान्याला भांडवल पुरवणारे शेठ गोवर्धनदास साकारले आहेत. आजच्या काळातला चित्रांचा लिलाव आणि बाहेर चाललेली निदर्शने इथून सुरुवात करून कथा मागे जाते, आणि रविवर्म्यांवर चाललेल्या अश्लीलतेच्या खटल्याभोवती त्यांचे आयुष्य उलगडत जाते.

या मांडणीचा हेतू प्रामाणिक आहे. चित्र काढण्याच्या स्वातंत्र्यावर दिग्दर्शकाची मनापासून श्रद्धा आहे आणि ती त्याने कुठेही झाकलेली नाही. परंतु खटला हाच कथेचा कणा ठरल्यामुळे चित्रकार सतत आपली बाजू मांडणारा आरोपी होऊन बसतो आणि कामात गढलेला माणूस फार थोडा वेळ दिसतो. न्यायालयातले संवाद टाळ्यांसाठी लिहिल्यासारखे वाटतात. विरोधकांच्या तोंडी इतका एकसुरी त्वेष दिला आहे की त्यांचा प्रश्न नेमका काय होता, हे समजून घ्यायला जागाच उरत नाही. प्रश्न तर खरा होता. ज्या देवतांना भाविकांनी मूर्तीच्या ठरीव लक्षणांत पाहिले होते, त्यांना एखाद्या ओळखीच्या बाईचा चेहरा, अंगकांती आणि नेसूची चुणी देणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या अस्वस्थतेची खोली दाखवली असती, तर रविवर्म्यांचे धाडसही अधिक मोठे दिसले असते.

चित्रपट खऱ्या अर्थाने उभा राहतो तो छापखान्याच्या भागात. रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी १८८० च्या दशकातच केली होती. प्रत्यक्षात मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला तो १८९४ मध्ये, आणि त्यातून निघालेले पहिले चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. शिळाप्रेसमध्ये चित्र आधी गुळगुळीत दगडावर रेखायचे आणि त्यावरून कागदावर उतरवायचे; एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एक रंग वाळल्यावर त्याच कागदावर दुसरा, मग तिसरा. आणि दोन दगडांची जुळणी केसाएवढी जरी चुकली, तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरणार. 'रंग रसिया'त हे सारे तपशिलाने येत नाही, पण कागद उचलला जातो आणि मालकापासून कामगारापर्यंत सगळ्यांच्या नजरा त्यावर खिळतात, त्या क्षणांत तो थरार पोहोचतो. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या हाती काही आण्यांत देव आला, ही गोष्ट चित्रपट ठामपणे आणि योग्य जागी सांगतो. मला तरी हा भाग खटल्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा भारी वाटला.

म्हणूनच एका गोष्टीची खंत फार वाटते. केरळातल्या किळिमानूरच्या या चित्रकाराचा, म्हणजे रविवर्म्यांचा, धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा हा स्वतः उत्तम चित्रकार होता. अनेक चित्रांतली निसर्गाची पार्श्वभूमी त्याच्या हातची मानली जाते. दोघे बरोबर प्रवास करत, बरोबर काम करत, आणि त्या दौऱ्यांची, गिऱ्हाइकांची, पैशांच्या काळज्यांची नोंद राजराजवर्मा इंग्रजी रोजनिशीत ठेवत असे. जानेवारी १९०५ मध्ये तो गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले. इतके मोठे भावबंध हाताशी असताना पडद्यावर हा भाऊ केवळ सोबतीला उभा राहतो. प्रेयसीच्या कथेला जेवढी लांबी मिळाली, तिच्या पावपटीने जरी हे दोन भाऊ एका कॅनव्हाससमोर उभे केले असते, तरी कीर्तीमागचे कष्ट डोळ्यांना दिसले असते.

सुगंधेबद्दल मात्र माझे मत अनुकूल आहे. नंदना सेन यांच्या अनावृत दृश्यांचीच चर्चा अधिक झाली, आणि तो त्यांच्या कामावर अन्याय आहे. आपलाच चेहरा देवीचा म्हणून पूजला जातो आणि आपल्याला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले जाते, हे हळूहळू कळत जाणारी बाई त्यांनी थोड्या शब्दांत उभी केली आहे. रविवर्म्यांनी तिला देवी केले, पण तिचे पुढे काय होईल याचा विचार केला नाही, असा आरोप कथेतून आपोआप तयार होतो; नायकावर प्रेम असूनही दिग्दर्शकाने तो पुसून टाकलेला नाही, याचे मला कौतुक वाटते. हुडा तरुणपणीच्या भागात देखणे आणि ऐटबाज दिसतात, उत्तरार्धात मात्र वय केवळ रंगभूषेत उतरते, चालण्याबोलण्यात नाही. परेश रावल यांचा व्यापारी सहज आणि चोख आहे.

शेवटाकडे तरुण दादासाहेब फाळके येतात. लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या या छापखान्यासाठी पुढे फाळक्यांनी काम केले, ही इतिहासातली गोष्ट आहे, आणि 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी झळकला तो त्याच गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात. छापील देवाकडून हलत्या देवाकडे गेलेली ही वाट चित्रपटाने ओळखली आहे, जरी ती दाखवताना त्याने सोयीसाठी काळ बराच आवळून घेतला असला, तरी.

घरी मोठ्यांनी एकदा जरूर पाहावा असा हा चित्रपट आहे; लहान मुलांसाठी तो नाही. पाहून झाल्यावर जमल्यास बडोद्याला जावे. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडून करून घेतलेली पौराणिक चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. तिथे 'विश्वामित्र-मेनका'समोर उभे राहिलात, तर आधी लांबून आणि मग अगदी जवळून पाहा. कातडीवर पडलेला उजेड जवळ गेल्यावर नुसत्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांत विरघळतो, आणि हे काम चित्रपटात किती थोडे दिसले, ते तिथे लक्षात येते.