दशावतारचा ग्रुप फेडिव्हर्सवर न्यायचाय? मॅस्टोडॉन, लेमी की स्वतःचा सर्व्हर

कुडाळ-वेंगुर्ल्याकडची बरीच मंडळी हल्ली विचारतायत म्हणून लिहितोय. फेडिव्हर्स म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सोशल मीडिया सर्व्हरचं जाळं, त्यात मॅस्टोडॉन ट्विटरसारखं नि लेमी रेडिटसारखं, विषयवार चर्चेचं. या जगात एक मालक नाही, प्रत्येक वाडीचा मानकरी वेगळा तसा प्रत्येक सर्व्हरचा अ‍ॅडमिन वेगळा आणि नियमही त्याचेच, त्यामुळे अ‍ॅप कुठलं छान दिसतं यापेक्षा कारवाई कोण करणार ते आधी बघा.

समजा जत्रेतल्या नाटकाचा फोटो टाकला आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या कोणीतरी स्त्री पार्टी (बाईची भूमिका) करणाऱ्या कलाकाराबद्दल घाण लिहिलं. मॅस्टोडॉनवर तुम्ही रिपोर्ट केला की तो तुमच्या अ‍ॅडमिनकडे जातो, हवं तर त्या माणसाच्या सर्व्हरलाही पाठवता येतो. तुमचा अ‍ॅडमिन त्याला तुमच्यापुरता गायब करू शकतो, पण त्याचं खातं तिकडे तसंच राहतं, ते बंद करायचं की नाही हे तिकडचा अ‍ॅडमिन ठरवणार. अख्खा सर्व्हरच तोडला, म्हणजे त्याच्याशी संबंधच बंद केला, तर तिथल्या चांगल्या लोकांचे फॉलोही तुटतात आणि बंदी उठवली तरी आपोआप परत येत नाहीत.

लेमीवर गोष्ट वेगळी. तिथे कम्युनिटी, म्हणजे एका विषयाचा गट असतो आणि तिचे मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारे, तुम्हीच. ती कमेंट तुम्ही काढली की इतर सर्व्हरवरूनही जाते, त्याला कम्युनिटीतून बॅन करता येतं, शिवाय काय काढलं आणि का, ते मॉडलॉगमध्ये (कारवाईच्या उघड नोंदवहीत) सगळ्यांना दिसतं, म्हणजे ‘आमच्या मंडळाची पोस्ट मुद्दाम उडवली’ ही नेहमीची भांडणं तरी कमी होतील (बंद होणार नाहीत, आपली माणसं आपल्याला ठाऊक आहेत).

आणि मालवणीचं काय? आपल्यात लाडानंही शिवी घालतात, परदेशातला मॉडरेटर ते वाचून खातंच उडवायचा! लेमीवर कम्युनिटीचे मॉडरेटर आपलीच माणसं, माझं मत तिकडे झुकतं ते मुख्यतः यासाठीच.

पण लेमीवरही तुमच्या डोक्यावर सर्व्हरचा अ‍ॅडमिन असतोच. जून 2023 मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी.वर्ल्ड या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडले, कारण लेमी.वर्ल्डवर कोणीही पटकन खातं उघडू शकत होतं आणि तिथून येणारा त्रास बीहॉच्या मोजक्या माणसांना आवरेना. तुमचे अर्धे लोक इकडे नि अर्धे तिकडे असते तर कम्युनिटी तिथेच फुटली असती.

स्वतःचा सर्व्हर? नियम सगळे तुमचे, पण स्पॅम, बॅकअप, अपडेट, रात्री दोनला आलेला रिपोर्ट हेही तुमचंच, आणि सर्व्हर भाड्याचा असला तरी पावसाळ्यात इथली लाईट नि नेट गेलं की अ‍ॅडमिनच गायब. दोन-तीन जाणकार पोरं कायमची हाताशी असतील तरच या भानगडीत पडा.

मॅस्टोडॉनच घ्यायचं ठरलं तर खातं उघडण्याआधी त्या सर्व्हरचं माहितीचं पान नीट वाचा, नियम असतातच, कोणकोणते सर्व्हर तोडलेत आणि का याची यादीही बऱ्याच ठिकाणी असते. नंतर दुसरीकडे हलता येतं, फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, म्हणून नाटकांचे फोटो आधीच वेगळे साठवून ठेवा.