गणेश पेठ मासळी बाजार: नदीच्या माशांचा एक गाळा

पुण्यात मासे म्हटलं की बहुतेकांचं गाडं पापलेट-सुरमईवरच अडतं. गणेश पेठेतही रविवारी सगळी झुंबड त्याच गाळ्यांवर. माझं माहेर दौंड तालुक्यात, भीमाकाठी. समुद्राची मासळी मी खायला लागले ती लग्न होऊन पुण्यात आल्यावर, आणि अजूनही तिचा नंबर माझ्याकडे दुसराच. त्यामुळे बाजारात शिरले की मी थेट गोड्या पाण्याच्या माशांकडे जाते. तिथल्या एका गाळ्याबद्दल हे लिहितेय. गाळ्यावर नावाची पाटी नाही. मावशी भिगवणकडच्या आहेत, आणि उजनी धरणाचा माल म्हणून विचारलं की कुणीही तिकडे बोट दाखवेल.

हा गाळा मला आवडतो तो मावशी माशाचं कूळ लपवत नाहीत म्हणून. रहू-कटला दोन वेगळ्या टोपल्यांत असतात. एकीतला बर्फात दाबून आंध्रच्या तलावांतून आलेला, दुसरीतला धरणातला. "ताई, हा आंध्राचा हाय, सस्ता पडंल," असं आपणहून सांगतात. दुसरीकडे सगळाच माल ‘नदीचा, गावरान’ म्हणून गळ्यात मारतात.

खरं तर धरणातला रहूसुद्धा आपल्याकडचा गावरान नव्हे. रहू, कटला, मृगळ ही मंडळी मूळची गंगेच्या बाजूची. भीमा-कृष्णेत ती माणसाने आणून सोडली, आणि धरणांत अजूनही दरवर्षी त्यांचं बोटुकलं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावं लागतं. या माशांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते वितच नाहीत. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांचा धंदा उभा राहिला. म्हणून चारशे रुपयांचा ‘गावरान रहू’ कुणी दाखवला तर हसून पुढे जा.

चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, मात्र उलट. ही आफ्रिकेची, भारतात आली १९५२ मध्ये, आणि तिला कुणी सोडायची गरज राहिली नाही. मावशींनी एकदा एका मादीचा जबडा अंगठ्याने उघडून दाखवला. आत पिवळी अंडी, ज्वारीच्या दाण्यांसारखी, गच्च भरलेली. पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत ती तोंडातच ठेवते आणि तोवर जवळजवळ काही खात नाही. एवढी राखण असल्यावर वाढेल नाहीतर काय! भाऊ सांगतो, आता जाळं ओढलं की आधी चिलापीच हाताला लागते. लोक तिला नावं ठेवतात, पण रवा लावून तव्यावर टाकली तर काटे कमी, मांस घट्ट, पोरं न कुरकुरता खातात. कालवणाला मी घेत नाही, रस्सा पुळचट होतो. चिखलाचा वास येतो म्हणतात, त्याला हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. पाठीच्या काट्यांचा पंखा तिथेच छाटून घ्या, घरी बोटं फाडून घेऊ नका.

आता आपले खरे मासे. मरळ टबात जिवंत असते. टबात पाणी असतं इंचभर, तरी तिचं काही बिघडत नाही, मधूनच तोंड वर काढून हवा घेते. भाव चिलापीच्या चौपट तरी, आणि बाळंतिणीच्या घरून कुणी आलं असेल तर तुमच्यासाठी उरत नाही. वाम साफ करण्यात मावशींचा हात कुणी धरणार नाही: राखेत घोळवून बुळबुळ काढतात, पाठीवरची बारीक काट्यांची रांग एका बाजूने कापत नेतात, मग बोटभर तुकडे. खवली आणि आम्ळी नशिबात असेल तर. शिवडा मी हल्ली मागत नाही. मोठा होईपर्यंत जाळ्याबाहेर राहिलेला शिवडा आता कमीच दिसतो, आणि चिलापीचा ढीग समोर असताना त्याच्यावर कशाला उठायचं?

मांगूर मावशी ठेवतच नाहीत. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर २००० पासून बंदी आहे. तरी आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मला हातापेक्षा लांब मांगूर ‘देशी’ म्हणून दाखवला होता. देशी मांगूर एवढा होत नाही, बाबा!

परवा एकाने महाशीर मागितला. मावशी म्हणाल्या, "त्यो आता लोणावळ्यात." तिथे टाटांच्या केंद्रात महाशीरची पैदास होते, ते खरं. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते इथल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि आज संगम पुलावरून खाली बघितलं तर पटणार नाही. गंमत अशी की आपला हाच महाशीर कावेरीत नेऊन सोडला, आणि तिथे तोच परका ठरला. तिथला मूळचा कुबडा महाशीर आता नामशेष व्हायच्या बेतात आहे, त्याच्या कारणांत आपल्या पाहुण्याचंही नाव घेतात.

तक्रारी आहेत. रविवारी दहानंतर गेलात तर चिलापी आणि आंध्राचा रहू सोडून काही मिळत नाही. कापणारा पोरगा घाईत कल्ल्याखालची खवलं तशीच सोडतो, उभं राहून करून घ्यावं लागतं. आम्ळी साफ करून देत नाहीत, म्हणजे नाहीतच. पिशवी हमखास गळते, तेव्हा झाकणाचा डबा न्या, रिक्षावाल्याची बोलणी खाऊ नका.

जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा इथेही गर्दी होते आणि भाव चढतात. त्याच दिवसांत चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे येतात, पोटात गाभोळी भरलेले. गाभोळी हवी असेल तर रहूची मागा, मावशी बाजूला काढून ठेवतात. रहूचं बोटुकलं दरवर्षी सोडतात, पण आपल्या नदीतल्या खवलीची मागितलीत तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.