रमोन्स की क्लॅश? कोल्हापुरातल्या नव्या बँडनं आधी काय बसवावं

गॅदरिंगला वीस मिनिटं मिळालीत आणि पंकच वाजवायचं ठरलंय, तर निवड ड्रमर बघून करा. गायक कुठल्याही बाजूला निभावून नेतो.

न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम 1976 चा. 14 गाणी, जेमतेम 29 मिनिटं, खर्च 6,400 डॉलर. त्यात बेस डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला आहे. नुसता उजवा इअरफोन लावला की मास्तर समोर बसून शिकवतोय असं वाटतं. कॉर्ड मोजकेच, त्यामुळे आठवड्यात गाणी 'पाठ' होतात. घोळ पुढे होतो.

त्यांचा गिटारवाला जॉनी रमोन फटके खालच्याच दिशेनं मारायचा. 175 च्या टेम्पोला (मिनिटाला 175 बीट) बीटमागे दोन, म्हणजे मिनिटाला 350. वर-खाली मारून वेग गाठता येतो, पण धार जाते. हात कोपरातून हलवला तर दुसऱ्याच गाण्यात भरून येतो. हालचाल मनगटातून हवी आणि पिकचं टोक बोटांबाहेर थोडंच. 120 पासून सुरुवात करा आणि पाच-पाचनं चढवा. अॅम्पचा गेन (आवाज फाटवणारं बटण) निम्म्याखाली ठेवा, नाहीतर हॉलमध्ये नुसता गडगडाट ऐकू येतो. 9 गेजच्या (म्हणजे बारीक) तारा जोरात मारल्या की सूर चढतो. 10 किंवा 11 घ्या आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर पुसून ठेवा.

रमोन्सनी प्रयोग केले नाहीत असं नाही. 1978 च्या 'रोड टू रुइन'मध्ये अकूस्टिक गिटार आली, 1980 चा अल्बम निर्माता फिल स्पेक्टरनं केला. पण 1996 च्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत, म्हणजे एकूण 2,263 कार्यक्रमांत, स्टेजवरचा साचा तोच. एक गाणं नीट बसलं की पुढची दहा सोपी.

लंडनच्या क्लॅशचं तसं नाही. 1977 च्या पहिल्या अल्बमवर ड्रमर होता टेरी चाइम्स. सुसाट गाण्यांच्या मधेच ज्युनियर मर्विनचं एक रेगे (जमैकाचं संगीत) गाणं, तेही सहा मिनिटांचं. मग टॉपर हेडन आला आणि बँडला काहीही झेपायला लागलं. 1979 च्या 'लंडन कॉलिंग'च्या 19 गाण्यांत रॉकबिली, स्का, रेगे सगळं आहे. 1980 चा 'सँडिनिस्टा' तर तीन तबकड्यांचा, 36 गाण्यांचा (निम्मी गाळली असती तरी चाललं असतं). 1982 मध्ये हेडन गेला, 1983 मध्ये गिटारवाला मिक जोन्स. 1985 च्या शेवटच्या अल्बमवर ड्रम मशीन आहे, आणि ते ऐकू येतं.

क्लॅश बसवताना अडतं ते रेगेत. वन ड्रॉपमध्ये, म्हणजे रेगेच्या नेहमीच्या ठेक्यात, चारपैकी पहिला बीट मोकळा, किक आणि स्नेअर (पायाचा आणि हाताचा ड्रम) एकत्र तिसऱ्यावर, गिटार दुसऱ्या-चौथ्यावर. फटका मारताच डाव्या हाताचा दाब सोडायचा, म्हणजे आवाज तुटक येतो. हलगी-घुमकं ऐकत वाढलेल्या पोराला वेगाची भीती नसते, पण पहिला बीट रिकामा सोडणं त्याच्या जिवावर येतं. मेट्रोनोमवर सलग पाच मिनिटं तो सोडता येत नसेल, तर यंदा रमोन्सच घ्या. येत असेल, तर क्लॅशचा पहिला अल्बम धरा. 'लंडन कॉलिंग'ला दुसरा गिटारवाला खरंच वेगळं वाजवणारा हवा.

दोन्ही वाजवायचेच असतील तर रेगे आधी ठेवा. डाउनस्ट्रोकनं भरून आलेल्या हातातून ऑफबीट (दुसऱ्या-चौथ्यावरचा फटका) तुटक निघत नाही.