खादीचं कापड, घरची शिलाई: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत रोज वापरून

आधी निकाल सांगते. पुण्याच्या उन्हाळ्यात या कपड्यांना तोड नाही, पावसाळ्यात मात्र हाल होतात. कुर्त्यांवर मी बेहद्द खूश आहे, पँटीचं कोडं अजून सुटायचंय.

पाडव्याला ठरवलं होतं की महिनाभर अंगावर फक्त हाती कातलेल्या, हाती विणलेल्या आणि घरी शिवलेल्या कापडाचे कपडे घालायचे. महिना संपला तेव्हा थांबायचं काही कारण दिसेना, म्हणून दिवाळीपर्यंत तसंच चालू ठेवलं. आतले कपडे, मोजे आणि रेनकोट बाजारचे. बाकी ऑफिस, स्कूटर, स्वयंपाकघर, लग्नकार्य सगळं याच कपड्यांत केलं. शिलाई आईच्या पायमशीनवर.

कापड बरंचसं वर्ध्याहून आणलं. तिथल्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी मिळते. १९३८ साली सुरू झालेली ही संस्था आजही कापड करते आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. खादी म्हणजे नेमकं किती काम, हे कापड भिंगाखाली धरल्यावर कळतं. माझ्या एका तुकड्यात इंचाला पंचेचाळीसच्या आसपास उभे धागे होते आणि जवळजवळ तितकेच आडवे. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच. गुणाकार केला तर मीटरभर कापडात तीन किलोमीटरहून जास्त सूत निघतं. खादीच्या हिशोबात १,००० मीटर सुताची एक गुंडी धरतात, म्हणजे अडीच मीटरच्या एका कुर्त्यात आठ गुंड्या. कोणीतरी चरख्यावर बसून ते सगळं सूत काढलेलं असतं. त्यामुळे बेतताना कात्री सावकाश चालते आणि चिंध्याही टाकवत नाहीत.

बेतण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी गंमत तिथे आहे. अंगाबरोबर बसणारे, पाठीला टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चिमट्या, घातलेले कुर्ते खादीत टिकत नाहीत. स्कूटरचं हँडल धरलं की पाठीवर ताण येतो. टीप शाबूत राहते, पण तिच्या शेजारचे धागे सरकून बारीक फट पडते. हाताने कातलेलं सूत मऊ आणि विणही मोकळी, म्हणून हे होतं. उपाय आपल्या जुन्या शिवणात आहे: सरळ पट्ट्यांत कापलेला घोळ, बाजूला कळ्या, म्हणजे तिरपे जोडतुकडे, आणि बगलेत चौकोनी कळी. हात वर केला की ती चौकोनी कळी उघडते आणि ताण शिवणीवर येतच नाही. शिवाय सगळे तुकडे चौकोनी किंवा तिरपे अर्धे केलेले असल्यामुळे कमी पन्ह्याच्या कापडात वाया जवळजवळ काहीच जात नाही. जुने कुर्ते, पैरणी असे का बेतायचे, हे अंगात घालून फिरल्यावर पटतं. बाजूच्या शिवणी मी आत दुमडून दुहेरी टीप घालते. त्या कुर्त्यांपैकी एकही उसवलेला नाही.

कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतायचं. खादी आटते, आणि उभ्या धाग्यात जास्त आटते. तरीही बाजूला दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवावी.

एप्रिल-मे महिन्यांत हे कपडे घातले आणि दुपारी ऑफिसला पोचल्यावर पाठ कोरडी, हा अनुभव सिंथेटिक मिसळलेल्या कुर्तीत कधीच आला नव्हता. घाम कापडात शिरतो, पसरतो आणि उडून जातो, अंगाला चिकटत नाही. जून लागला आणि चित्र पालटलं. जे कापड घाम पटकन पितं ते हवेतला दमटपणाही पितं. जाड खादी दोन-दोन दिवस वाळत नव्हती, कुबट वास यायचा. जुलैत मी फक्त पातळ, मलमलीसारख्या कापडाचे कुर्ते वापरले आणि रात्री पंख्याखाली वाळत घातले. दमट किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जाड खादीच्या वाटेला पावसाळ्यात जाऊच नये.

रंगांचं सांगायचं तर मंजिष्ठा या वनस्पतीच्या मुळांचा लाल सावलीत वाळवल्याने अजून छान आहे. हिरडा आणि लोखंडाचा करडा-काळा रंग मला सगळ्यात आवडला, पण त्यावर लिंबाचा थेंब पडला की फिकट डाग राहतो, तेव्हा कोशिंबीर करताना वर एप्रन घालावा. निळीचा रंग धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून सुरुवातीला पर्सच्या पट्ट्यावर आणि मनगटावर निळसर उतरतो. काही धुण्यांनंतर ते थांबतं. हळदीच्या रंगाला मात्र ऊन सोसत नाही आणि साबण लागताच तो लालसर होतो. रोजच्या कपड्यांना तो घेऊ नये.

समारंभाला खादी चालते का, असं बऱ्याच जणी विचारतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताची खादी घालून गेले होते. भाचीच्या लग्नात मी कडक इस्त्रीचा, खळ दिलेला पांढरा कुर्ता आणि खणाचं जाकीट घातलं. मला तरी त्यात जराही उणं वाटलं नाही.

खरेदी करताना डोळे उघडे ठेवा. एका दुकानाने मला हातमागाचं म्हणून जे विकलं, त्याचा धागा घरी जाळला तर टोकाला कडक मणी तयार झाला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, मणी झाला की पॉलिएस्टर समजावं. खादी भांडारातही ‘पॉलीवस्त्र’ असतं, त्यात पॉलिएस्टर ६७ टक्के असतो. ते उघडपणे त्याच नावाने विकतात, पण घाईत लक्षात येत नाही. चांगली सुती खादी मला मीटरला तीनशे-चारशेच्या घरात पडली. गांधी जयंतीच्या सुमारास सूट असते, तेव्हा एकदम घ्यावं.

आता पँटी. खादीच्या पँटीला दुपारपर्यंत गुडघ्यावर पोंगा येतो आणि मांडीच्या आतल्या बाजूला कापड लवकर विरतं. तिथे आतून त्याच कापडाचं ठिगळ लावून आडवे धावदोरे घातलेत, ते टिकलंय. नाडीची सैल सलवार उत्तम चालते, पण ऑफिसच्या पँटीसाठी दुसूती, म्हणजे दोन-दोन धाग्यांची जाड वीण, आणून ठेवली आहे. दोनदा भिजवून झाली, येत्या रविवारी बेतणार.