क्यूजीआयएसमधला नकाशा: पीडीएफ की पीएनजी?

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा छापायला द्यायचा असेल तर पीडीएफच. रेषा, अक्षरं व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी आकार म्हणून साठवलेली) राहतात; नकाशा ए-झिरोवर ताणला तरी गावांची नावं फुटत नाहीत. मात्र एक्स्पोर्ट करताना मजकूर 'पाथ' म्हणजे नुसत्या आकाररेषा म्हणून काढा. नावं शोधता किंवा कॉपी करता येणार नाहीत, पण 'त्र्यंबकेश्वर'मधलं जोडाक्षर शाबूत राहील. एखाद्या थराला ब्लेंड मोड (खालच्या थरात रंग मिसळायची पद्धत) लावला असेल (डोंगरांच्या छायेला आपण लावतोच) तर पीडीएफमध्येही नकाशाचं रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र होतं आणि फाइल फुगते.

पीएनजी अहवालात टाकायला, पाठवायला सुटसुटीत. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-फोर म्हणजे ३५०८ बाय २४८० पिक्सेल; पडद्यासाठी १५० पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, नाहीतर सूचीतली बारीक अक्षरं गेलीच समजा.