स्मरणिकेची छपाई: कोटेशन चोख, रंगाचे प्रूफ मात्र पडद्यापुरतेच

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका आणि वर्गणीची पावतीपुस्तके आम्ही वरूड-मोर्शी भागातील एका छापखान्यात छापून घेतली. अमरावती किंवा नागपूर गाठण्याऐवजी काम जवळच दिले, ते या छापखान्याच्या कोटेशनमुळे. इतर ठिकाणी ‘पुस्तक, रंगीत मुखपृष्ठ, पाचशे प्रती’ एवढ्यावर ठोक रक्कम सांगितली गेली होती. येथे आकार, कागद, रंग, बांधणी आणि प्रूफ (छपाईआधी तपासायला मिळणारा नमुना) यांच्या वेगवेगळ्या ओळी होत्या, त्यामुळे दोन छापखान्यांच्या दरांत फरक नेमका कशाने पडतो हे ताडून पाहता आले.

कागदाच्या ओळीत ‘८० जीएसएम मॅपलिथो’ असे लिहिले होते. मॅपलिथो म्हणजे पुस्तकांसाठी वापरला जाणारा, चकाकी नसलेला साधा कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. तो जाडीचा आकडा नव्हे, म्हणून त्याच वजनाचा गुळगुळीत आर्ट पेपर हाताला मॅपलिथोपेक्षा पातळ लागतो. कागद हलका असल्यास पाठपोट छपाईत मागची अक्षरे पुढे उमटलेली दिसतात, हे छापखान्याच्या मालकांनी ७० आणि ८० जीएसएमचे छापील नमुने शेजारी ठेवून दाखवले. मुखपृष्ठासाठी ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड आणि त्यावर मॅट लॅमिनेशन ठरले.

खरी बचत झाली ती फर्म्याच्या हिशोबात. डेमी १/८ या नेहमीच्या पुस्तकी आकाराची पाने एकेक करून नव्हे, तर मोठ्या कागदावर एकत्र छापून, घडी घालून कापली जातात. अशा एका घडीच्या पानांना फर्मा म्हणतात, आणि आमचा फर्मा सोळा पानांचा होता. आमचा मजकूर ६६ पानांचा भरत होता. दोन पानांसाठी वेगळी जुळणी करण्यापेक्षा जाहिराती आवळून ६४ पानांत, म्हणजे पूर्ण चार फर्म्यांत, काम बसवावे, असे त्यांनी सुचवले. रंगीत छायाचित्रे पुस्तकभर विखुरलेली होती, तीही त्यांनी एकाच फर्म्यात आणली, कारण चार रंगांच्या ऑफसेट छपाईला कागदाच्या एका बाजूसाठी चार प्लेट (ज्यांवरून शाई उमटते ते पत्रे) लागतात आणि काळ्या छपाईला एकच पुरते. प्लेटचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच येतो. म्हणून पन्नास-शंभर प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या, असेही त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वतःचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळवणारा असा सल्ला क्वचितच मिळतो.

डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे, काम मध्यम आहे. युनिकोडमधील मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे तुटली होती, त्यामुळे दुसरे प्रूफ मागावेच लागले. प्रुफावर सही झाल्यानंतर राहिलेली चूक ग्राहकाच्या खात्यावर जाते, ही अट कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. ती वर, ठळक हवी. व्हॉट्सॲपवरून आलेली छायाचित्रे मात्र त्यांनी वेळीच परत पाठवली. १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम चार इंच रुंद छापता येते, हे त्यांचे कारण पटण्यासारखे होते.

मोठी तक्रार मुखपृष्ठाची आहे. त्यावर संत्र्याची बाग होती. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात, आणि भडक नारिंगी रंग या चार शायांना पुरता साधत नाही. आमची संत्री छापून आली ती मळकट. ज्या भागात संत्र्याचा रंग पोरांनाही पाठ आहे तेथे हे खपत नाही. पाचव्या प्लेटवर स्पॉट कलर, म्हणजे त्याच रंगाची आधीच तयार केलेली वेगळी शाई, घेण्याचा पर्याय होता, निदान कागदावरचे रंगीत प्रूफ तरी देता आले असते. कोटेशनमध्ये दोन्हींचा उल्लेख नव्हता आणि आम्हाला प्रूफ मिळाले ते पडद्यावरचे. कडेला मात्र कोठेही पांढरी रेघ राहिली नाही, कारण कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटरची ब्लीड, म्हणजे कापून जाणारा चित्राचा जादा भाग, त्यांनी आधीच मागून घेतली होती.

पावतीपुस्तके निर्दोष आहेत. क्रमांक सलग आहेत, परफोरेशनवर पावती सरळ फाटते आणि कार्बनलेस कागदावर दुसरी प्रत स्पष्ट उमटते. काळ्या छपाईची पुस्तके आणि पावत्या मी येथेच देईन. रंगीत मुखपृष्ठ देताना कागदावरच्या प्रुफाची ओळ कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.