मुंबई ते न्यूयॉर्क : थेट विमान की मध्ये थांबा?

आई-बाबांचं न्यूयॉर्कचं तिकीट काढताना बहुतेक घरांत आधी भाडं पाहिलं जातं. माझ्या मते आधी अंतर पाहावं, कारण त्यात एक गैरसमज दडलेला असतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. दुबईमार्गे ते 12,950 च्या आसपास जातं, लंडनमार्गे 12,750. म्हणजे थांबा घेतला तरी वळसा फार पडत नाही. थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. दुबईमार्गे किंवा लंडनमार्गे हवेतला वेळ दीड-दोन तासांनीच वाढतो. खरा फरक पडतो तो विमानतळावर बसून राहण्याचा. तीन तासांचा थांबा असेल तर एकूण प्रवास 20-21 तासांचा, आणि आठ तासांचा असेल तर सव्वीसच्या घरात.

परतीचा प्रवास थोडा लवकर होतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे तेव्हा पाठीशी असतात. तिकिटावरच्या वेळांवरून मात्र हिशोब करू नका. मुंबईहून रात्री 2 ला निघून त्याच दिवशी सकाळी 8 ला न्यूयॉर्क, हा सहा तासांचा नाही, उन्हाळ्यात साडेपंधरा तासांचा प्रवास आहे. कारण तेव्हा न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

आता निवड. पहिल्यांदाच निघालेल्या, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या आई-बाबांसाठी मी थेट विमानच घेईन, थोडे पैसे जास्त गेले तरी. अनोळखी विमानतळावर गेट शोधण्याची धास्ती नाही, जोडविमान चुकण्याची भीती नाही. पण गुडघे आखडत असतील, पायांना सूज येत असेल, तर सलग 16 तास बसणं जड जातं. त्यांना लंडनचा थांबा बरा, कारण तिथे प्रवास जवळपास निम्मा-निम्मा विभागतो. दुबईमार्गे तसं होत नाही: आधी तीन-सव्वातीन तास, मग सलग चौदा. पाय मोकळे करायला मिळतात, पण फार लवकर. अबुधाबीचा एक वेगळा फायदा आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच उरकतं, मात्र त्यासाठी थांबा पुरेसा मोठा हवा.

मुलं डॅलसला राहत असतील तर गणित पार उलटतं. न्यूयॉर्कपर्यंत थेट गेलात तरी तिथे इमिग्रेशन करून, सामान ताब्यात घेऊन, ते पुन्हा जमा करून देशांतर्गत विमान पकडावं लागतं. दुबई किंवा दोहाहून डॅलसला थेट विमान जातं, सामानही एकदम तिथेच मिळतं. अशा वेळी थांब्याचाच प्रवास सोपा. फक्त दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या, आणि व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंग करतानाच मागून ठेवा.